लंडनचे धुरके, १९५२
वारा पडल्याने व थंड हवेवर उष्ण हवेचा थर आल्याने ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात कोळशाचा धूर व सल्फर डाय-ऑक्साइड वायू लंडनवर साचून राहिले. स्मिथफील्ड पशुप्रदर्शनातील काही गुरेही दगावली. मृतांचा तत्कालीन अंदाज सुमारे ४,००० होता. पुढील महिन्यांतील वाढीव मृत्यू शासनाने इन्फ्ल्यूएंझाच्या माथी मारले. तेही धरल्यास, २००१ मधील अंदाजानुसार, संख्या सुमारे १२,००० भरते. श्वासनलिकादाहाकडेच सर्वांचे लक्ष लागल्याने हृद्‌रोगाचे वाढलेले मृत्यू दुर्लक्षित राहिले. १९५६ मध्ये शुद्ध हवेचा अधिनियम संमत झाला. अमेरिकेतील सहा शहरांच्या पाहणीत (१९९३) सूक्ष्म कणांचा हृदय-फुप्फुसविकारांच्या मृत्यूंशी संबंध आढळला. हे कण फुप्फुसांत शोथ उत्पन्न करतात व रक्ताची गुठळी होण्याची प्रवृत्ती वाढवितात.