भविष्य सांगण्याचा अधिकार : 'फाउंडेशन'चे पहिले वाचन

१

एखाद्या अभिजात ग्रंथाचे पहिले वाचन ही सामान्यतः वाचकाच्या खाजगी चरित्रातील बाब मानली जाते. वस्तुतः ती वाङ्मयेतिहासातीलही बाब असते. ग्रंथ कोणत्या वाचनपरंपरेत, किती उशिराने आणि कोणत्या ग्रंथांच्या शेजारी येऊन बसतो, यावर त्याचा त्या परंपरेतील अर्थ पुष्कळसा अवलंबून असतो. आयझॅक असिमॉव्ह यांची 'फाउंडेशन' ही त्रयी प्रस्तुत लेखकाने प्रथम वाचली ती चाळिशी उलटल्यावर, कल्याण–ठाणे या रोजच्या लोकलप्रवासात. आणि तीही विज्ञानसाहित्य हा अभ्यासघटक काही वर्षे वर्गात शिकवून झाल्यावर. हा उशीर एकट्याचा असता तर त्याची नोंद करण्याचे कारण नव्हते. परंतु मराठी विज्ञानसाहित्याची चर्चा आपण ज्या प्रश्नांच्या चौकटीत करीत आलो, त्या चौकटीत हा ग्रंथ न वाचताही निभावते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

कथेतील विज्ञान अचूक आहे काय, ते कथानकात मुरले आहे की वरून चिकटवले आहे, आणि अशा लेखनाला ललित म्हणावे की प्रबोधनपर, हे आपले नेहमीचे तीन प्रश्न. हे साहित्य इतिहासाची कोणती कल्पना गृहीत धरते, हा प्रश्न त्यांत सहसा येत नाही. 'फाउंडेशन' वाचताना मात्र तोच प्रथम समोर उभा राहतो. बारा हजार वर्षे टिकलेले आकाशगंगेचे साम्राज्य कोसळणार आणि त्यानंतर तीस हजार वर्षांचे अंधारयुग येणार, हे हारी सेल्डन हा गणिती 'सायकोहिस्टरी' नामक शास्त्राने सिद्ध करतो. पतन अटळ आहे. अंधारयुग मात्र एक हजार वर्षांवर आणता येईल. त्यासाठी आकाशगंगेच्या कडेला, टर्मिनस नावाच्या ग्रहावर, तो विश्वकोशकारांची एक वसाहत स्थापन करतो. येथे विज्ञान म्हणून जे कल्पिले आहे तेच मुळी इतिहासाचे विज्ञान आहे, आणि त्यामागे गिबनने लिहिलेल्या रोमन साम्राज्याच्या ऱ्हासेतिहासाची (१७७६–१७८८) छाया असल्याचे असिमॉव्ह यांनी स्वतःच सांगितले आहे.

२

मराठीत असा विस्तीर्ण पट का उभा राहिला नाही, याचे एक रूढ उत्तर प्रकाशनव्यवहाराकडे बोट दाखवते. १९०० साली 'केरळ कोकिळ' मासिकात ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे मराठी रूप येऊ लागले, पुढे श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' आली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी जयंत नारळीकर यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवलेल्या 'कृष्णविवर' कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि त्यानंतर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांच्या कथांनी हा प्रवाह रुंदावला. मासिक, दिवाळी अंक आणि स्पर्धा यांनी पोसलेल्या या प्रकाराचा रूपबंध लघुकथेचाच राहणार, असे म्हटले जाते. नारळीकरांची 'प्रेषित' किंवा अरुण साधू यांची 'विप्लवा' या कादंबऱ्या मग अपवाद ठरतात.

हे उत्तर 'फाउंडेशन'च्या संहितेचा इतिहास पाहिला की टिकत नाही. ही त्रयी मुळात मासिकातल्याच कथांची आहे. १९४२ ते १९५० या काळात 'अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन' या मासिकात जॉन कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखाली आलेल्या आठ लहानमोठ्या कथा १९५१, १९५२ आणि १९५३ साली तीन पुस्तकांत संगृहीत झाल्या. पुस्तक उघडताच भेटणारे सेल्डनच्या खटल्याचे प्रकरण तर १९५१ साली पुस्तकासाठीच नव्याने लिहिले गेले. म्हणजे आपण जो आरंभ म्हणून वाचतो, तो रचनाक्रमात शेवटचा आहे. या सुट्या कथांना महाकाव्याचा विस्तार येतो तो पृष्ठसंख्येमुळे नव्हे. प्रत्येक कथा एका दीर्घ कालपटावरील नेमक्या जागी ठेवलेली असल्यामुळे. हा पट मराठी विज्ञानकथेला मिळाला नाही. त्याची कारणे मासिकांच्या पानांत शोधण्याऐवजी काळाच्या कल्पनेत शोधावी लागतील.

३

'फाउंडेशन'मधील भागांच्या आरंभी 'एन्सायक्लोपीडिया गॅलॅक्टिका' या काल्पनिक कोशातील उतारे येतात. पहिल्याच उताऱ्याला जोडलेली टीप सांगते, की हे उतारे फाउंडेशन-शकाच्या १०२० व्या वर्षी टर्मिनसवर प्रसिद्ध झालेल्या ११६ व्या आवृत्तीतून घेतले आहेत. सेल्डनची मुदत हजार वर्षांची. कोश त्यानंतर वीस वर्षांनी छापला गेलेला. साहजिकच कथेतील पात्रे संकटात असतानाही, टर्मिनस टिकले आणि तेथे कोश छापला जात राहिला, हे वाचकाला ठाऊक असते. जे घडायचे आहे ते येथे घडून गेलेले म्हणून सांगितले जाते. भविष्याला भूतकाळाचे व्याकरण देणे ही या त्रयीची मूलभूत युक्ती आहे.

मराठी वाचकाला येथे एक विलक्षण प्रत्यय येतो, कारण याच्या नेमकी उलट युक्ती त्याच्या परंपरेत आहे. मत्स्य, वायु, विष्णु, भागवत इत्यादी पुराणांतील कलियुगीन राजवंशांची वर्णने भविष्यकाळात आहेत. मत्स्य आणि वायु पुराणांत अधिसीमकृष्ण हा पौरव राजा 'वर्तमान' धरला जातो. त्याच्यानंतरचे नंद, मौर्य, शुंग, आंध्र हे सारे 'होतील', 'राज्य करतील'. पार्जिटर यांनी १९१३ साली या पाठांचे संकलन केले तेव्हा, घडून गेलेला इतिहास भविष्यवाणीच्या साच्यात कसा ओतला गेला, हे पुरेसे स्पष्ट झाले.

ही तुलना कल्याणच्या वाचकाला केवळ ग्रंथांपुरती राहत नाही. पुराणे ज्यांना आंध्र म्हणतात ते सातवाहन. आणि कल्याण हे त्यांच्या काळातील बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आहेत. तेथेच यज्ञ सातकर्णीच्या राजवर्षाचा निर्देश करणारा लेखही आहे. 'पेरिप्लस'चा ग्रीक कर्ता नोंदवतो, की पूर्वी कायदेशीर बाजारपेठ असलेल्या या बंदरावर सत्ताबदलानंतर निर्बंध आले आणि येथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. पुराणकार ज्यांच्याविषयी 'राज्य करतील' म्हणतो, त्यांच्याच राजवटीत येथील व्यापारी वर्तमानकाळात दान कोरीत होता. साम्राज्याचे दुखणे कडेच्या बंदरात प्रथम जाणवते, हे असिमॉव्ह यांचेही आशयसूत्र आहे. १८५४ पासून रेल्वेच्या कक्षेत असलेल्या या पट्ट्यात टर्मिनस या शब्दाने मुंबईचे टोक, म्हणजे केंद्र, सुचवले जाते. असिमॉव्ह यांचे टर्मिनस ही साम्राज्याची शेवटची कड आहे. मुंबईच्या कडेवर राहून वाचणाऱ्याला हा उलटा अर्थ सहज पटतो.

४

काळाच्या या दोन उलट युक्त्यांत एक साम्य मात्र आहे. दोन्हीकडे भविष्य सांगण्याचा अधिकार मूठभरांच्या हाती आहे. पुराणांतील भविष्यकथन निर्हेतुक नाही. महापद्म नंदापासून राजे शूद्रवंशीय होतील, असे सांगताना घडून गेलेल्या सामाजिक बदलाला कलियुगाच्या अधःपाताचे नाव दिले जाते. काळाचे व्याकरण ज्याच्या हाती, त्याच्याच हाती मूल्यनिर्णयही जातो. जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) अवतारकथांचा अर्थ आक्रमणांचा इतिहास म्हणून लावला, तेव्हा त्यांनी या अधिकारालाच आव्हान दिले होते.

फुले वाचलेल्या वाचकाला 'फाउंडेशन'चा एक भाग म्हणूनच अस्वस्थ करतो. टर्मिनसचे राज्यकर्ते शेजारच्या राज्यांना अणुशक्ती देतात ती धर्माच्या वेष्टनात. यंत्रे चालवणारे पुरोहित तयार केले जातात. त्यांना कृती ठाऊक असते, कारण ठाऊक नसते. ज्ञानाची मक्तेदारी आणि विधींचे अवडंबर यांनी टिकवलेली ही सत्ता असिमॉव्ह एक चतुर राजनीती म्हणून, काहीशा मिस्कीलपणे रंगवतात. ते या पौरोहित्याला कायम ठेवत नाहीत, हे खरे. पुढच्याच टप्प्यात हॉबर मॅलो या व्यापाऱ्याच्या काळी धर्माची उपयुक्तता संपते आणि व्यापार त्याची जागा घेतो. पण सायकोहिस्टरीची एक अट अखेरपर्यंत राहते : ज्या समूहाचे भविष्य वर्तवले आहे त्याला ते कळता कामा नये. तिसऱ्या पुस्तकात योजनेचे गुप्त रक्षक समोर येतात तेव्हा हे अज्ञान गरजेपुरते न राहता रचनेचे तत्त्व बनते. 'म्यूल' या उत्परिवर्तित पुरुषाच्या आगमनाने योजना मोडू पाहते. ती सावरली जाते तीही याच रक्षकांकडून, लोकांकडून नव्हे.

५

या ठिकाणी श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे स्मरण अपरिहार्य आहे. कॉर्नेलमध्ये समाजशास्त्र शिकून, जातिसंस्थेच्या इतिहासावर १९०९ साली ग्रंथ लिहिणाऱ्या केतकरांनी त्याच्या पुढच्या भागात (१९११) हिंदू समाजाच्या घडणीबरोबर त्याचे भवितव्यही विवेचनाचा विषय केले. पुढे त्यांनी २३ खंडांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' सिद्ध केला आणि कादंबऱ्याही लिहिल्या. समाजाच्या गतीचे नियम शोधणारा शास्त्रज्ञ, कोशकार आणि कादंबरीकार असा हा योग पाहिला, की सेल्डनची प्रतिमा मराठी वाचकाला परकी वाटत नाही.

भेद मात्र निर्णायक आहे. सेल्डनचा कोश हा बहाणा असतो; पन्नास वर्षांनी त्याची ध्वनिचित्रित प्रतिमा कोशकारांना सांगते, की तुमचे काम ही केवळ हूल होती. केतकरांचा कोश हीच त्यांची योजना होती, आणि ती उघड होती. मर्यादित कंपनी काढून, भागधारक आणि वर्गणीदार मिळवून त्यांनी ती पार पाडली आणि 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात तिचा हिशेबही मांडला. १८६४ सालचे कल्याणचे सार्वजनिक वाचनालय आणि १८९३ सालचे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय ज्या वृत्तीतून उभे राहिले, तिच्याशी या उपक्रमाचे नाते आहे. मराठी विज्ञानकथाही, परिषद आणि नियतकालिके यांच्या आधाराने, याच वृत्तीची वारसदार आहे. ज्ञान लपवून समाज चालवण्याची कल्पना तिला मानवली नाही. तिच्यात 'फाउंडेशन' न घडण्यामागे हेही एक कारण असावे, आणि ते उणिवेचे नाही.

तथापि येथेच थांबणे आत्मसंतुष्टतेचे होईल. ज्ञान सर्वांसाठी आहे असे मानणाऱ्या कथेने ते प्रत्यक्षात कोणाच्या हाती राहते, हे फारसे विचारले नाही. तिचे नायक बहुधा प्रयोगशाळेत आणि परिषदांत भेटतात. ज्यांच्यावर त्या ज्ञानाचा परिणाम होतो ते कथेच्या कडेला राहतात. दीर्घ काळाचा पट नसल्यामुळे सत्तेचे हस्तांतर तिला दिसत नाही. असिमॉव्ह यांना ते दिसते, पण कडेवरील माणसाच्या अज्ञानाची किंमत दिसत नाही. दुर्गा भागवत यांनी १९६७ साली 'केतकरी कादंबरी' लिहिली आणि १९७५ साली कऱ्हाडच्या अध्यक्षीय भाषणात नव्या विज्ञानकथेची दखल घेतली. या दोन धाग्यांना एकत्र ओवणारी समीक्षा आपण पुढे केली नाही. ती करायची तर विज्ञानसाहित्याच्या अभ्यासघटकात नारळीकरांच्या शेजारी फुले आणि केतकर यांनाही बसवावे लागेल, आणि 'यातील विज्ञान बरोबर आहे काय?' या प्रश्नाआधी 'येथे भविष्य कोण सांगतो, आणि ते कोणाला कळू दिले जात नाही?' हे विद्यार्थ्यांना विचारावे लागेल. पुढच्या सत्रात ते करून पाहण्याचा मानस आहे.