दप्तराविना लिहिलेला इतिहास

बेल्जममधील व्हेर्व्ये हे लोकरीच्या कापडाचे गाव. तेथील एका लोकर-कारखानदाराच्या घरी १८६२ साली जन्मलेल्या आंरी पिरेन यांनी मध्ययुगीन नगरांच्या इतिहासाला जी दिशा दिली, तिचे मूळ ग्रंथालयांइतकेच त्या गावच्या मागांत आणि वखारींत शोधावे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

लिएज येथे अध्ययन करून, पुढे जर्मनी व पॅरिस येथील विद्वानांच्या सहवासात राहून, १८८६ साली ते घेंटच्या विद्यापीठात दाखल झाले आणि १९३० पर्यंत तेथेच शिकवीत राहिले. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी ख्यात असलेल्या दिनां या लहान नगराच्या घटनेवर १८८९ साली त्यांनी ग्रंथ लिहिला. सनदा, जकाती व न्यायाधिकार यांची अशी चिकाटीने छाननी केल्यावरच त्यांनी व्यापक सिद्धांताला हात घातला.

त्यांची उपपत्ती अशी की, रोमन सत्ता लयास गेल्यावरही चालू राहिलेला भूमध्य समुद्रावरील व्यापार इस्लामी सत्तेच्या विस्ताराने खंडित झाला, तेव्हा पश्चिम युरोप केवळ शेतीवर येऊन ठेपला; आणि पुढे हा व्यापार पुन्हा वाहू लागला, तेव्हा फिरस्त्या व्यापाऱ्यांनी सरदारांच्या गढ्यांलगत ज्या पेठा वसविल्या, त्यांनीच स्वतंत्र न्याय व सनदा मिळवून नगराला नगरपण दिले. इंग्लंडच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या वस्तू वेचीत वेचीत व्यापारी झालेला आणि अखेरीस विरक्त होऊन संतपदास पोहोचलेला गॉड्रिक हा त्यांचा आवडता दाखला होता. पुढील उत्खननांनी व नाण्यांच्या अभ्यासाने या उपपत्तीला अनेक ठिकाणी छेद दिला, आणि सरदारांनी स्वतः वसविलेल्या बाजारपेठांचा वाटा त्यांनी कमी लेखला, हेही मान्य केले पाहिजे; तथापि नगराचा विचार तटबंदीऐवजी माणसांच्या येण्याजाण्यापासून सुरू करावा, ही दृष्टी त्यांचीच देणगी होय.

१९१४ साली जर्मन फौजांनी बेल्जम व्यापला आणि त्याच वर्षी पिरेन यांचा पुत्र प्येर ईझर नदीकाठच्या लढाईत पडला. परकी अंमलदारांच्या इच्छेप्रमाणे अध्यापन करण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून मार्च १९१६ मध्ये त्यांना पकडून जर्मनीत नेण्यात आले. होल्त्समिंडनच्या छावणीत रशियन विद्यार्थ्यांना ते आर्थिक इतिहास शिकवीत आणि त्यांच्याकडून रशियन भाषा शिकत. पुढे क्रॉइट्सबुर्ग या आडगावी नजरकैदेत, हाताशी टिपणे नाहीत, ग्रंथ नाहीत, दप्तर नाही, अशा स्थितीत १९१७ साली त्यांनी संपूर्ण युरोपचा इतिहास केवळ स्मरणाच्या बळावर लिहावयास घेतला. ज्याने तीस वर्षे जुन्या सनदांच्या अक्षराअक्षराशी झुंज घेतली, त्यालाच सनदांवाचून लिहिण्याचा अधिकार पोहोचतो, असे ती पाने वाचताना जाणवते.

१९१८ च्या युद्धतहकुबीने सुटका झाली, तेव्हा लेखन सोळाव्या शतकाच्या मध्याशी येऊन थांबले होते. त्यानंतर अमेरिकेत दिलेल्या व्याख्यानांतून नगरांवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली सिद्ध झाला. पण कैदेतल्या त्या वह्या मात्र १९३५ साली ते निवर्तेपर्यंत तशाच पडून राहिल्या, आणि दुसऱ्या वर्षी पुत्र झाक यांनी त्या अपूर्ण स्थितीतच प्रसिद्ध केल्या.