पाइपाभोवतीची फट

गावाचे नाव गारगोटी, तरी तिथला मूळ खडक काळा बसाल्टच. वर माती आणि मुरूम. १९७२च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रभर अशा कातळात विंधन विहिरी वाढल्या. बंद नळीतले पाणी शुद्धच, असा समजही रुजला. पण वरच्या थरात छिद्र केसिंग पाइपापेक्षा रुंद असते. मधली फट नुसत्या चुऱ्याने बुजवली, तर गोठ्याचे पाणी तिथूनच खाली उतरते. म्हणून पाइप घट्ट कातळात बसवून फटीत सिमेंट भरायचे.

घाण बाजूने विहिरीत शिरते, हे लंडनने आधीच भोगले होते. १८५४ साली पटकीच्या साथीत जॉन स्नोने ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाची दांडी काढायला लावली. पुढच्या वर्षी खणून पाहिले, तेव्हा शेजारच्या घराचा मैलाखड्डा विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर निघाला; विटांचे सांधे सुटलेले. दांडी मात्र साथ ओसरल्यानंतर परत बसवली गेली!