पेटत्या डोंगराचे चित्र

आमच्या माजघरात एक डोंगर बारा महिने पेटलेला असे. हातभर लांबीचे ते चित्र: वर लाल आग, खाडीच्या काळ्या पाण्यात तिचे प्रतिबिंब, काठाला शहर आणि खालच्या पट्टीत १७९४ हा आकडा. लहानपणी मला तो दिवाळीतला भुईनळा वाटे. आजोबा मराठा पलटणीतून इटलीत लढले होते. १९४४ साली दोन दिवसांच्या रजेत, नेपल्सच्या धक्क्यावर एका म्हाताऱ्याने सिगारेटच्या पाकिटांच्या बदली ते त्यांना दिले. आजी म्हणे, "परमुलखातलं जळतं गाव घरात कशाला टांगायचं!"

तो डोंगर म्हणजे व्हेसूव्हियस. त्याच्या राखेखाली गाडलेल्या हर्क्युलेनियमचे उत्खनन १७३८ मध्ये सुरू झाले, पाँपेईचे १७४८ मध्ये. मग इंग्लंड-फ्रान्सच्या धनिकांच्या मुलांची नेपल्सला रीघ लागली. आपल्याकडे काशीहून गंगेचा गडू आणतात, तसे ते या डोंगराचे चित्र घरी नेत. चित्रकारही दूरदूरहून येत. हाकर्ट हा जर्मन चित्रकार फिरत फिरत तिथे पोहोचला आणि १७८६ मध्ये राजाचा चित्रकार झाला. हॅमिल्टन हा इंग्रजांचा वकील. त्याच्या १७७६ च्या ग्रंथासाठी पिएत्रो फाब्रिसने काढलेली, हाताने रंगवलेली ५४ चित्रे प्रसिद्ध आहेत.

या चित्रांचा आवडता रंग गुआश. शाळेत माझी मुले जे पोस्टर रंग वापरतात, त्यांच्याच जातीचा. डिंकात कालवलेल्या रंगात पांढरा मिसळला की तो दाट होतो आणि झटपट वाळतो. पाहुणा गाव सोडण्याआधी चित्र हातात द्यायचे, तर याहून सोयीचे काय? कित्येक चित्रांवर तर काढणाऱ्याचे नावही नसते.

१७९४ च्या जूनमध्ये लाव्हा तोर्रे देल ग्रेको हे गाव गिळून समुद्रात उतरला. वाचलेल्यांनी गाव पुन्हा तिथेच बांधले. आमच्या चित्राच्या कोपऱ्यात डोक्यावर गाठोडी घेतलेली चार-सहा माणसे आहेत, बोटाच्या पेराएवढी. आजोबा आगीकडे कधी बघत नसत, त्या माणसांवर बोट ठेवून म्हणत, "यांच्या रानाचं काय झालं असेल रे?" १९४४ च्या मार्चमध्ये हाच डोंगर पुन्हा फुटला होता. सान सेबास्तियानोची घरे जिथे होती, तिथे काळे दगड साचलेले त्यांनी स्वतः पाहिले होते.

हा प्रश्न ते पुन्हा पुन्हा का विचारीत, हे मला उशिरा कळले. १९६० नंतर आमचे जुने गाव धरणाच्या पाण्याखाली गेले. आजीही डोक्यावर गाठोडे घेऊनच निघाली होती. पण ते गाव पाहायला कोणी प्रवासी आला नाही, की चित्रकार आला नाही. वाडा, पार, विहीर, कशाचेही चित्र नाही.

व्हेसूव्हियस १९४४ नंतर शांत आहे. आमच्या भिंतीवर मात्र तो पेटलेलाच आहे. आजी असेपर्यंत लक्ष्मीपूजनाच्या रात्री एक पणती त्या चित्राखाली ठेवी. कोणासाठी, हे तिने कधी सांगितले नाही.