सेरेब्रल पाल्सी : मेंदूतील वाटा आणि मुलांची हालचाल

मूल वर्षाचे झाले तरी आधाराशिवाय बसत नाही, पाय ताठ ठेवते, एकाच हाताने खेळणे धरते. घरातील वडीलधारी मंडळी ‘होईल हळूहळू, याचा बापही उशिराच चालला होता’ असे म्हणून धीर देतात. मग पायांना तेलाचे मालीश सुरू होते. मात्र सेरेब्रल पाल्सी, अर्थात मेंदूचा पक्षाघात, या विकारात मूळ बिघाड पायांत नसून मेंदूतून पायांकडे जाणाऱ्या वाटेत असतो. ही वाट घडण्याचा काळ थोडा असल्याने वाट पाहण्यात गेलेले महिने मुलाला महागात पडतात.

विकार कशामुळे?
वाढत्या मेंदूला जन्मापूर्वी, जन्मताना किंवा त्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात इजा झाल्यास हा विकार उद्भवतो. लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम लिटल यांनी १८६१ मध्ये त्याचा संबंध अवघड प्रसूतीशी जोडला. इजेची सुरुवात अनेकदा गर्भातच होत असावी, असे मत पुढे सिग्मंड फ्रॉईड यांनी मांडले. मेंदूची इजा वाढत नाही; परंतु वयानुसार स्नायू आखडतात आणि सांधे वाकडे होऊ शकतात.

आज्ञेची वाट
ऐच्छिक हालचालीची आज्ञा मुख्यतः मेंदूच्या पृष्ठभागावरील विशिष्ट पट्ट्यातून निघते. तेथील चेतातंतूंचा जुडगा खाली उतरतो, लंबमज्जेत त्यातील बहुतेक तंतू बाजू बदलतात आणि मज्जारज्जूत शिरतात. म्हणूनच उजव्या मेंदूला इजा झाली की डावे अंग दुबळे होते. मेंदूचा अंकुश सुटल्यामुळे स्नायू ताठ राहतात.

सुमारे २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान मेंदूतील पोकळ्यांभोवतीचा पांढरा भाग विशेष नाजूक असतो. पायांकडे जाणारे तंतू या पोकळ्यांच्या अगदी जवळून जातात. त्यामुळे मुदतपूर्व जन्मलेल्या अनेक बालकांत हातांपेक्षा पाय अधिक ताठरतात. पूर्ण दिवसांच्या बाळाला प्राणवायू कमी पडला किंवा तीव्र कावीळ झाली, तर मेंदूतील खोलवरच्या केंद्रांना इजा होऊन अंगात अनैच्छिक वळवळ दिसू शकते. लहान मेंदू दुखावल्यास तोल बिघडतो.

संवेदनेची वाट
तंतूंची दिशा टिपणाऱ्या विशेष एमआरआय तंत्राने या समजुतीत भर घातली. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील संशोधकांनी २००२ आणि २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, मुदतपूर्व जन्मलेल्या मुलांमध्ये स्पर्शाची व सांध्यांच्या स्थितीची जाणीव मेंदूच्या पृष्ठभागाकडे नेणाऱ्या वाटाही दुखावलेल्या आढळल्या. पाऊल कोठे पडले हे नीट न कळल्यास ते उचलणेही अवघड होते.

वापरातली वाट टिकते
नवजात बालकाच्या मेंदूचा प्रत्येक अर्धगोल दोन्ही अंगांकडे तंतू पाठवतो. पहिल्या दोन वर्षांत वापरातल्या वाटा बळकट होतात, त्याच बाजूकडे जाणाऱ्या वाटा बऱ्याच अंशी मागे हटतात. एका अर्धगोलाला इजा झाल्यास शाबूत अर्धगोल दोन्ही हातांचा ताबा घेऊ शकतो. अशा मुलाने एक हात हलवला की दुसराही तसाच हलतो.

म्हणूनच मुलाने स्वतः केलेल्या हालचालीला उपचारात महत्त्व आहे. चांगला हात रोज काही वेळ मऊ मोज्यात ठेवून दुबळ्या हाताला खेळायला लावण्याची पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे. बोट्युलिनम इंजेक्शनने ताठरपणा काही महिने कमी होतो, परंतु सरावाची जागा ते घेत नाही. मालिशने मुलाला बरे वाटेल. पण त्याने मेंदूतील वाट घडत नाही.

पालकांनी काय पाहावे?
चौथ्या महिन्यानंतरही मुठी सतत आवळलेल्या असणे, मान न धरणे, नवव्या महिन्यात आधाराशिवाय न बसणे, वर्षाच्या आतच एका हाताला स्पष्ट पसंती देणे, ही लक्षणे दिसताच बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. मुदतपूर्व बाळाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे. पूर्वी निदानाला एक ते दोन वर्षे लागत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार ते सहा महिन्यांच्या आतही शक्य आहे. निदान पक्के होण्याची वाट न पाहता व्यायाम व उपचार सुरू करावेत, असेही त्यात म्हटले आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत अशा बालकांची तपासणी होते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्येही या विकाराचा समावेश आहे.