बंदर, घाट आणि पनवेलचे जेवण

पनवेलचा इतिहास सांगणारे १८५२ च्या नगरपालिकेपासून सुरुवात करतात. पोटापासून कुणी करीत नाही.

१८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता झाला. मुंबईहून मचव्याने पनवेल बंदरात उतरायचे आणि तिथून घाट चढून पुणे गाठायचे. वर्दळ मोठी, पण वाटसरू जेवायचा तो आपल्याच जातबिरादरीत, नाहीतर धर्मशाळेत तीन दगडांची चूल मांडून. १८६३ मध्ये आगगाडी घाट चढली आणि पुण्याची ही वर्दळ पनवेलला वळसा घालून जाऊ लागली.

गाव मात्र मिश्रच राहिले: आगरी, कोळी, कोकणी मुसलमान, बेने इस्रायल. यहुद्यांचे बेथ एल सिनेगॉग इथलेच. मांसाबरोबर दूध त्यांना वर्ज्य, म्हणून त्यांचे कालवण नारळाच्या दुधातले. आमच्याकडेही नारळच, पण कोकण म्हणून! मलिदा त्यांच्या विधीत, तसा आमच्या फातेहातही. तरी पंगती वेगळ्याच.

त्या मोडल्या इराण्याच्या चहा-पावाने, असे आपण कौतुकाने सांगतो. ते अर्धेच खरे. गावोगावच्या चहाच्या दुकानांत दलितांसाठी वेगळ्या कपबश्या होत्या. १९५० च्या राज्यघटनेला पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले असे नाव घेऊन लिहावे लागले, ते उगीच नव्हे.

पुढे शासनानेच स्वस्त जेवण काढले: १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर, २०२० मध्ये दहा रुपयांत शिवभोजन थाळी. दोन्ही शाकाहारी. आमच्या गरिबांच्या खानावळीतला स्वस्त रस्सा बैलाच्या मांसाचा असे. २०१५ च्या कायद्याने ते बंद झाले. म्हशीचे तेवढे उरले.