संगणकाच्या पडद्यावरील आरास

खंडेनवमीच्या दिवशीं पिंपरी, भोसरी, आकुर्डी किंवा चाकण येथील कोणताही कारखाना पाहावा. लेथला हळदकुंकू लागलेलें असतें, प्रेसवर झेंडूची माळ चढलेली असते, आणि कचेरींतल्या संगणकालाही त्याच माळेचा एखादा तुकडा मिळतो. ज्या साधनावर आपलें पोट चालतें तें मालकाचें असलें तरी त्यावर आपला कांहीं हात फिरलेला असावा, ही वृत्ति आपल्याकडे फार जुनी आहे. संगणकाच्या बाबतींत ही आरास पडद्याच्या बाहेर थांबली नाहीं. गेल्या चार दशकांत ती पडद्याच्या आंत शिरली, हालूंचालूं लागली, आणि एका काळीं तिच्या पायीं घराचें दार चोरांस उघडें पडण्याची वेळ आली. विषय पोरकट वाटण्याजोगा आहे खरा. परंतु साधनावर सत्ता कोणाची, वापरणाराची कीं बनविणाराची, हा प्रश्न या पोरखेळाच्या पोटांत दडलेला आहे, म्हणून त्याचा इतिहास येथें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पडदा म्हणजे लिहिण्याचें मेज, अर्थात् ‘डेस्कटॉप’, ही उपमा अमेरिकेंतील पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंतून आली. तेथें १९७३ सालीं ‘आल्टो’ हें यंत्र सिद्ध झालें, आणि १९८१ सालीं त्याच कंपनीनें बाजारांत आणलेल्या ‘स्टार’ यंत्राच्या पडद्यावर कागद, फाइली, टपालाचे ट्रे यांचीं लहान चित्रें मांडलेलीं दिसूं लागलीं. गादीवर बसून मांडीवर चोपडी घेणाऱ्या आपल्या जुन्या मुनीमास ही उपमा कितपत पटली असती याविषयीं आम्हांस शंका आहे. पण जगानें ती पत्करली. जानेवारी १९८४ मध्यें अ‍ॅपल कंपनीचा मॅकिंटॉश आला, त्यांत या मेजाला मनाजोगें रूप देण्याची एक गमतीची सोय होती. आठ ओळींत आठ अशा चौसष्ट ठिपक्यांपैकीं कोणते काळे व कोणते पांढरे ठेवावयाचे तें वापरणारानें ठरवावें, आणि तीच नक्षी साऱ्या पडद्यावर पसरावी. ठिपक्यांच्या रांगोळीवर हात बसलेल्या आपल्या घरांतील स्त्रियांस हें गणित कोणीं शिकवावें लागलें नसतें.

पुढें या रांगोळींत जीव आला. १९८९ सालीं बर्कली सिस्टिम्स या कंपनीचा ‘आफ्टर डार्क’ प्रसिद्ध झाला. त्या काळच्या पडद्यांवर एकच चित्र फार वेळ राहिलें तर त्याचा कायमचा डाग पडे. म्हणून काम थांबलें कीं हलतीं चित्रें दाखवावीं, हें त्याचें मूळ कारण. प्रसिद्धि मिळाली ती मात्र पंख लावून उडणाऱ्या टोस्टरांना! डागाची गोष्ट लोक विसरले, टोस्टर राहिले. जपानांत त्याच सुमारास ‘नेको’ नांवाचें एक मांजर पडद्यावर अवतरलें. माउसचा बाण जाईल तिकडे धांवावें आणि बाण थांबला कीं झोपी जावें, एवढाच त्याचा उद्योग. ‘आफ्टर डार्क’चें खरें वैशिष्ट्य निराळेंच होतें. त्याच्या कर्त्यांनीं मूळ कार्यक्रमांत जणूं रिकामे कोनाडे ठेविले, आणि कोणीही बाहेरच्यानें आपली मूर्ति घडवून त्या कोनाड्यांत बसवावी अशी मुभा दिली. प्लगिन म्हणतात तें हेंच.

कोनाड्यांत काय बसतें याची चौकशी करण्याचें मात्र फारसें कोणाच्या मनांत आलें नाहीं. मायक्रोसॉफ्टनें १९९५ सालीं विंडोजसाठीं ‘प्लस’ या नांवानें सजावटीचा संच वेगळी किंमत लावून विकला. तो निरुपद्रवी होता. परंतु त्या दशकाच्या अखेरीस ‘बॉन्झीबडी’ नांवाचें फुकट पात्र निघालें आणि लवकरच तें जांभळ्या गोरिलाच्या रूपानें पडद्यावर गाऊं-बोलूं लागलें. मुलें त्यावर खूष झाली, आणि तो त्या मुलांकडूनच त्यांची माहिती काढून घेत असे. त्याच्या मालकांस २००४ सालीं अमेरिकेच्या व्यापार आयोगापुढें पंचाहत्तर हजार डॉलर दंड भरावा लागला.

या क्षेत्रांतील रसिकतेचा काळ त्यानंतरचा. २००३ सालीं मॅकिंटॉशसाठीं ‘कन्फॅब्युलेटर’ निघाला. घड्याळ, दिनदर्शिका, हवामान अशीं लहान ‘विजेटें’ त्यावर मांडतां येत, आणि थोडी लिपिरचना शिकलेल्या कोणाही विद्यार्थ्यास नवें विजेट घडवितां येई. २००५ मध्यें याहूनें तो विकत घेतला. त्याच वर्षीं अ‍ॅपलनें ‘डॅशबोर्ड’ आणि २००७ मध्यें मायक्रोसॉफ्टनें व्हिस्टाबरोबर ‘गॅजेटें’ दिलीं. मग जुलै १९१२ नव्हे, जुलै २०१२ (शतकाचें अंतर वाटावें इतक्या झपाट्यानें या गोष्टी जुन्या होतात!) मध्यें मायक्रोसॉफ्टनेंच जाहीर केलें कीं, हीं गॅजेटें धोक्याचीं आहेत, तीं बंद करावीं. कारण सरळ होतें. पडद्यावर दिसे तें चित्र. पण त्याच्या मागें घरधन्याच्या अधिकारानें वावरणारा एक चालता कार्यक्रम असे. भिंतीवर माळ लावली असें आपण समजत होतों, प्रत्यक्षांत माळ्याला घराच्या किल्ल्या दिल्या होत्या. पुढच्या विंडोजमधून गॅजेटें गेलीं. २०१९ सालीं अ‍ॅपलनेंही डॅशबोर्ड काढून टाकला.

घरच्या आणि कचेरींतल्या पडद्यांची ही हकीकत. आमच्या औद्योगिक पट्ट्यांत मात्र पडद्यावरच्या हलत्या वस्तूंचें आणखी एक कुळ नांदतें, आणि तेथें ती चैन नसून काम आहे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला त्या काळीं मोठ्या कारखान्याची स्थिति भिंतीवरच्या फलकावरील दिवे आणि कांटे सांगत. २००९ सालीं चाकणला फोक्सवागेनची मोटार बाहेर पडूं लागली तोंवर जगभर त्या फलकाची जागा संगणकानें घेतली होती. टाकी भरते तशी चित्रांतली टाकी भरते, पंप सुरू झाला कीं चित्रांतला पंप फिरतो, झडप बंद झाली कीं रंग पालटतो. तयार चित्रांच्या संग्रहांतून एकेक वस्तु उचलावी आणि पडदा रचावा, इतकें हें सोपें झालें. आणि जें सोपें होतें त्याचा अतिरेक होतो. चकाकणाऱ्या नळ्या, फिरते पंखे, हलत्या ज्वाळा यांनीं पडदे सजूं लागले.

याचें मोल किती असूं शकतें तें वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांत २४ जुलै १९९४ रोजीं दिसलें. स्फोटापूर्वींच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन चालकांपुढें २७५ इशारे आले. इशारे भरपूर होते; साऱ्या कारखान्याची स्थिति एका दृष्टिक्षेपांत सांगणारें चित्र मात्र पडद्यावर नव्हतें, असें सरकारी चौकशींत निष्पन्न झालें. सव्वीस माणसें जखमी झालीं. जीव कोणाचा गेला नाहीं, तो दिवस रविवार होता हें नशीब. २०१५ सालीं अमेरिकेंतील ‘आयएसए’ या संस्थेनें अशा पडद्यांच्या रचनेसाठीं मानक प्रसिद्ध केलें. त्याच्या आगेंमागें जी पद्धति रूढ होत गेली तींत पार्श्वभूमि करडी असते, हालचाल जवळजवळ नसते, आणि रंग येतो तो कांहीं बिघडल्यावरच. नवख्यास असा पडदा सुतकी वाटतो. रात्रपाळीच्या माणसाला तोच उपयोगी पडतो. अलंकारानें अर्थ झांकूं नये, हें आपल्या साहित्यशास्त्र्यांनीं काव्याविषयीं सांगितलेलें येथें अक्षरशः लागूं पडतें, आणि कारखान्यापुरता आमचा कौल निःशंकपणें करड्या पडद्याला आहे.

खाजगी मेजाबद्दल मात्र तसें म्हणवत नाहीं. २०२३ पासून अ‍ॅपलच्या संगणकावर विजेटें पुन्हां उघड्या मेजावर आलीं आहेत. प्रत्येक विजेट आतां आपल्या बंद खोलींत राहतें, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावूं शकत नाहीं. ही सुरक्षितता आम्हांस मान्य आहे. पण एका संध्याकाळींत आपलें घड्याळ आपण घडवून शेजाऱ्याला द्यावें, ही पूर्वींची मोकळीक तिच्यापायीं आटली. आमच्या पट्ट्यांतील पुष्कळ कंपन्यांत तर पडद्याचें पार्श्वचित्रही वरूनच ठरून येतें आणि कामगारास तें बदलतां येत नाहीं. तेव्हां आरास पुन्हां बाहेर आली आहे: पडद्याच्या कडेला मुलीचा फोटो चिकटविलेला असतो, आणि कीबोर्डच्या डोक्याशीं बोटभर उंचीचा गणपति.